लहान मुलांना वाचनातून गुंतवणाऱ्या साक्षरता उपक्रमांचा अभ्यास करायचा आहे. सुरुवात कुठून करावी, नेमकं काय बघावं?

मी चार ते सहा वर्षांच्या मुलांचा वाचनतास घेते. त्याआधी वर्षभर असे उपक्रम शोधून त्यांची माहिती जमवत होते आणि त्यात माझी एक चूक झाली. कुणी किती पुस्तकं वाटली, एवढंच मी टिपत गेले. पुस्तक उघडं असताना मूल काय करतं, हे बघायचं राहूनच गेलं.

म्हणून माझं सांगणं, अमेरिकी मानसशास्त्रज्ञ ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि सहकाऱ्यांच्या १९८८ च्या अभ्यासापासून सुरुवात करा. त्यात कुटुंबांचे दोन गट केले होते आणि दोन्ही गटांतले पालक घरी मुलांना चित्रपुस्तकं वाचून दाखवत होते. एका गटाला फक्त वाचण्याची पद्धत बदलायला सांगितलं: सलग वाचन कमी करा, बोट दाखवून उत्तर देता येईल असे प्रश्न टाळा, मोकळे प्रश्न विचारा आणि मूल जे बोलेल त्यात थोडी भर घालून ते परत म्हणा. महिनाभरात या मुलांची बोलण्यातली भाषा दुसऱ्या गटाच्या पुढे गेली. कुटुंबं मोजकी आणि मध्यमवर्गीय होती, हे मात्र लक्षात ठेवा.

हा फरक मी रोज बघते. चित्रात पलंगाखाली कुत्रा आहे. ‘हे काय?’ विचारलं की ‘कुत्रा’, विषय संपला. ‘तो तिथे का बसला असेल?’ असं विचारून मी गप्प राहिले, तेव्हा तीन आठवडे तोंड न उघडलेली एक मुलगी म्हणाली, ‘त्याला आंघोळ नकोय.’

मोठे उपक्रम या नजरेनं वाचा. ब्रिटनमधलं ‘बुकस्टार्ट’ (१९९२) तान्ह्या बाळांच्या घरी पुस्तकं पोचवतं. अमेरिकी गायिका डॉली पार्टन यांची ‘इमॅजिनेशन लायब्ररी’ (१९९५) पाच वर्षांपर्यंत दरमहा टपालाने पुस्तक पाठवते. १९८९ मध्ये बॉस्टनला सुरू झालेल्या ‘रीच आउट अँड रीड’मध्ये तपासणीच्या वेळी डॉक्टर मुलाला पुस्तक देतात आणि त्याच्यासोबत कसं वाचायचं तेही पालकांना सांगतात. मला यातला डॉक्टरांचा संवाद फार मोलाचा वाटतो. अर्थात घरात पुस्तकच नसेल तर गप्पा कशावर मारणार?

पण गप्पांनी सगळं साधत नाही. गफ आणि टनमर या संशोधकांनी १९८६ मध्ये मांडलं की वाचून समजणं म्हणजे अक्षरं उलगडणं गुणिले भाषा समजणं. गुणाकार आहे, त्यामुळे एक बाजू शून्य असेल तर उत्तरही शून्यच. गोष्ट ऐकताना लहान मुलांची नजर बहुतेक वेळ चित्रावर असते, म्हणून ओळीखालून बोट फिरवणं, शब्द दाखवणं हे उपक्रमात आहे का ते तपासा. अक्षरं आणि ध्वनी यांच्या नात्याबद्दल इंग्रजीत निघालेले निष्कर्ष मात्र आपल्या लिपीला जसेच्या तसे लावू नका. आपलं ‘कि’ हे एकच अक्षर, पण त्यात ध्वनी दोन.

अहवाल वाचताना तुलनेला दुसरा गट होता का, हे आधी शोधा. ‘मूल आता जास्त वाचतं’ हे पालक सांगतात की मुलाची चाचणी घेतली होती? आपणहून नाव नोंदवणारी घरं मुळातच वाचनाची आवड असलेली असू शकतात, तेव्हा नुसत्या ‘आधी-नंतर’च्या आकड्यांवर विसंबू नका.

आणि जमलं तर एखाद्या वर्गात जाऊन मागे बसा. दहा मिनिटांत मुलं किती वेळा आपणहून बोलली आणि प्रश्न विचारल्यावर मोठं माणूस किती वेळ थांबलं, एवढंच वहीत लिहा.