काट्यावरचा स्विच ऑफिसातून सांभाळता येईल का?

प्रश्न: मी एका साखर कारखान्याच्या संगणक विभागात आहे. सिस्कोचे सात नेटवर्क स्विच आहेत. वजनकाट्यावरचा स्विच ऑफिसपासून दीड किलोमीटरवर, मध्ये फायबर. काहीही बदलायचं म्हटलं की लॅपटॉप आणि निळी कन्सोल केबल घेऊन गाडीला किक मारायची. खुर्चीत बसून हे होईल का? दुरून लॉगिन करायचं टेलनेट चालू केलं तर पुरेल का? आणि काही बिघडलं तर काट्यावरून फोन येण्याआधी मला कळायला हवं. — एक वाचक, अहिल्यानगर जिल्हा

उत्तर: होईल, पण टेलनेट नको. त्यात पासवर्ड उघडा जातो. वाटेत कोणी वायरशार्क (नेटवर्कवरचा मजकूर पकडणारं सॉफ्टवेअर) लावून बसलं तर अक्षरन् अक्षर वाचेल. १९९५ साली हेलसिंकीच्या तंत्र विद्यापीठाच्या नेटवर्कवर असेच पासवर्ड चोरले गेले आणि त्यावरून तातु इलोनेन यांनी एसएसएच लिहिलं, म्हणजे तसंच दुरून लॉगिन, पण सगळं सांकेतिक रूपात. तेच वापरा.

आधी स्विचला होस्टनेम आणि डोमेन नेम द्या. त्याशिवाय तो एसएसएचला लागणारी एन्क्रिप्शनची किल्ली बनवू देत नाही. किल्ली २०४८ बिटांची, एसएसएच व्हर्जन २. 'क्रिप्टो' हा शब्दच स्विच ओळखत नसेल, तर त्याच्या सॉफ्टवेअरच्या नावात 'के-नाइन' आहे का बघा. जुन्या स्विचवर बहुधा तिथंच घोडं अडतं. मग व्हीटीवाय लाइनवर (दुरून लॉगिन व्हायच्या वाटा) 'ट्रान्सपोर्ट इनपुट एसएसएच'. लाइनचे दोन गट दिसतील, ० ते ४ आणि ५ ते १५. लोक पहिला बदलतात आणि दुसरा विसरतात. दोन्ही बदला, आणि दोन्हींवर अ‍ॅक्सेस लिस्ट लावा: तुमचा पीसी आणि सर्व्हर, बस. ऊस विभागातल्या पीसीला स्विचच्या लॉगिनशी काय देणंघेणं?

स्विचच्या पत्त्यासाठी वेगळं व्हीलॅन (त्याच तारांवरचं वेगळं आभासी नेटवर्क) घ्या, समजा ९९. नुसतं 'इंटरफेस व्हीलॅन ९९' लिहून भागत नाही. ते व्हीलॅन मुळात तयार केलेलं हवं आणि फायबरच्या ट्रंकवरून (अनेक व्हीलॅन एकत्र वाहणाऱ्या जोडणीवरून) जायला हवं. इथं माझी एक फजिती सांगतो.

ऐन गाळपात, संध्याकाळी, एका कारखान्यात मी हेच करत होतो. काट्यावरच्या स्विचवर व्हीलॅन १ मधून लॉगिन होतो आणि ट्रंकवर लिहिलं, 'स्विचपोर्ट ट्रंक अलाऊड व्हीलॅन ९९'. मध्ये 'अ‍ॅड' लिहायचं राहिलं. 'अ‍ॅड' नसेल तर ती आज्ञा आधीची यादी पुसून नवीच यादी करते. माझी खिडकी गोठली, काट्याचे पीसीही तुटले. दोनच मिनिटांत फोन: "सायेब, पावती निघंना झालीया." बाहेर उसाच्या ट्रॅक्टरांची रांग फाट्यापर्यंत. नशीब, कॉन्फिगरेशन सेव्ह केलं नव्हतं. काटा-कारकुनाला फोनवर म्हटलं, "मामा, त्या डब्याची पिन काढा, दहा आकडे मोजा, परत लावा." स्विच जुन्या कॉन्फिगरेशनवर उठला.

तेव्हापासून मामांचं काम मी स्विचलाच सांगून ठेवतो. आधी सेव्ह, मग 'रिलोड इन १०', मग बदल. संपर्क तुटलाच तर दहा मिनिटांनी स्विच आपणहून रिस्टार्ट होऊन जुन्या अवस्थेत येतो. सगळं नीट चाललं तर 'रिलोड कॅन्सल' आणि मग सेव्ह. हा क्रम उलटा केलात आणि 'सेव्ह करू का?' या प्रश्नाला हो म्हणालात, तर चूकच सेव्ह होते. आणि हे गाळपात करूच नका. मोळी पडायच्या आधी उरका.

आता नजर ठेवण्याचं. त्यासाठी एसएनएमपी, म्हणजे स्विचची तब्येत दुरून विचारायची पद्धत, पोर्ट १६१. स्विच स्वतःहून ओरडतो ते ट्रॅप, १६२ वर. बसवणारा बऱ्याचदा त्यात पासवर्डच्या जागी 'पब्लिक' हे नाव ठेवून जातो. ते काढा. व्हर्जन ३ घ्या, पासवर्ड आणि एन्क्रिप्शन दोन्ही लावून, आणि हक्क फक्त वाचण्याचा. लिब्रेएनएमएस किंवा झॅबिक्स फुकट मिळतात, एखाद्या जुन्या पीसीवर बसतील. फायबरच्या पोर्टवरचे सीआरसी एरर (वाटेत बिघडलेला डेटा) आणि अपटाइम (स्विच सलग किती वेळ चालू आहे), या दोन गोष्टी रोज बघा. एरर चढत असतील तर फायबरची टोकं पुसून बघा, कारखान्यात धूळ आणि बगॅस कुठंही शिरतं. अपटाइम रोज शून्यावर येत असेल तर स्विच नाही, काट्याच्या केबिनची वीज तपासा. (एसएनएमपीचा अपटाइम ४९७ दिवसांनी आपोआपच शून्यावर येतो. तेवढ्यासाठी इलेक्ट्रिशियनला बोलावू नका.)

सिसलॉगही (स्विचच्या घडामोडींच्या नोंदी) त्याच पीसीकडे वळवा, पण त्याआधी एनटीपीनं, म्हणजे नेटवर्कवरून घड्याळ जुळवून, वेळ लावा आणि टाइमझोन ५ तास ३० मिनिटं पुढे द्या. नाहीतर रात्री काटा कधी बंद पडला ते शोधायला जाल, आणि लॉगमध्ये तारीख असेल १ मार्च १९९३.