बिट मास्किंग खऱ्या कामात लागतं का, की फक्त मुलाखतीपुरतं?

तुम्ही लिहिलंय की &, |, ^, ~ या बिटवाइज (आकड्याच्या ०-१ बिटांवर थेट काम करणाऱ्या) ऑपरेटरांची टेबलं पाठ आहेत, पण मास्किंग, म्हणजे बाकीच्या बिटांना हात न लावता हवे तेवढेच बिट तपासणं किंवा बदलणं, डोक्यात बसत नाही. आणि ऑफिसातले सिनियर म्हणतात, ‘बिटच्या भानगडीत पडू नका, वेगवेगळी व्हेरिएबल घ्या.’ हे दुसरं वाक्य वाचलं आणि मी लिहायला बसलो. तेच वाक्य मी २००९ साली भोसरीतल्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये, जळालेल्या कॉन्टॅक्टरच्या (मोटर चालू-बंद करणाऱ्या मोठ्या स्विचच्या) वासात उभं राहून ऐकलंय.

आम्ही शेतीपंपांचे ऑटो स्टार्टर बनवायचो. रात्री लाइट आली की पंप आपोआप सुरू व्हावा आणि एखादी फेज गेली की लगेच बंद पडावा, एवढंच काम. मोटर दहा हॉर्सपॉवरची, म्हणून स्टार-डेल्टा, म्हणजे मोटर आधी स्टार जोडणीत हळू सुरू करायची आणि मग डेल्टा जोडणीवर न्यायची. कंट्रोलर म्हणून एटीमेगा १६ ही छोटी चिप. तिच्या पोर्ट बीच्या (बाहेरच्या तारांना जोडलेल्या पिनांच्या गटाच्या) आठ बिटांपैकी, उजवीकडून मोजताना, बिट ० वर मेन कॉन्टॅक्टरचा रिले, बिट १ वर स्टार, बिट २ वर डेल्टा. वरच्या बिटांवर बझर आणि दिवे.

स्टार-डेल्टात आधी मेन आणि स्टार लागतात. मोटरने वेग घेतला की स्टार सोडायचा, क्षणभर थांबायचं, मग डेल्टा लावायचा. स्टार आणि डेल्टा एकत्र लागले तर फेजवर फेज येते, सरळ शॉर्ट.

ही अदलाबदल आमच्या सिनियरनी लिहिली होती (^= म्हणजे तो बिट उलटवणं; बिट १ ची किंमत २, बिट २ ची ४):

पोर्टबी ^= २;
थांब(५०);
पोर्टबी ^= ४;

सुरुवातीला पोर्टवर ००००००११, म्हणजे मेन आणि स्टार. पहिल्या ओळीने स्टार सुटतो, ०००००००१ उरतं. पन्नास मिलिसेकंदांनी दुसऱ्या ओळीने डेल्टा लागतो, ०००००१०१. दिसायला सुरेख कोड, आणि शेकडो वेळा नीट चाललेला.

फेज गेल्याचा इंटरप्ट, म्हणजे मुख्य प्रोग्रॅम मधेच थांबवून चालणारा तुकडा, मी लिहिला होता. त्यात कामाची ओळ एकच:

पोर्टबी &= ~७;

७ म्हणजे ०००००१११. त्याचं ~ केलं की १११११०००. त्याच्याशी & केलं की खालचे तीन बिट शून्य, वरचे पाच जसे होते तसे. पंप बंद, बझर चालू असला तर चालूच. आजही मला या ओळीत काही चूक दिसत नाही.

एक दिवस गिऱ्हाईक पॅनेल बघायला आलं होतं. टेबलवरच्या पॅनेलला मोटर लावली, स्टार लागला. आठ सेकंदांनी डेल्टा लागणार, त्यात तिसऱ्या सेकंदाला आमच्या टेस्टिंगवाल्या दादांनी एक फ्यूज काढून दाखवला. खट्टकन सगळं सुटलं. गिऱ्हाईक खूश. दादांनी फ्यूज परत लावला.

मुख्य प्रोग्रॅम मात्र अजून आठ सेकंद मोजतच होता. मधे इंटरप्ट येऊन गेला याचा त्याला पत्ताच नव्हता. आठवं सेकंद संपलं, पोर्टवर शून्य, आणि ती पहिली ओळ चालली. ^= २ ने स्टार सुटायच्या ऐवजी लागला. पन्नास मिलिसेकंदांनी ^= ४ ने डेल्टा लागला. ०००००११०. डेल्टाला सप्लाय थेट लाइनवरून, त्यामुळे मेन सुटलेला असूनही काही फरक पडला नाही. मोठा आवाज झाला, एमसीसीबी (मुख्य सर्किट ब्रेकर) पडला, दोन्ही कॉन्टॅक्टरचे कॉन्टॅक्ट वितळून चिकटले. कुणाला इजा झाली नाही. दादांचा हात अजून फ्यूजपासून वीतभर अंतरावर होता.

सिनियरनी कोड उघडला, बराच वेळ बघितला आणि सगळ्यांसमोर म्हणाले, ‘तुझा इंटरप्ट मधे घुसला.’ दुसऱ्या दिवशी फर्मान निघालं: बिटवाइज बंद, प्रत्येक रिलेला स्वतंत्र व्हेरिएबल. मला नोकरीला लागून सात महिने झाले होते. मी गप्प बसलो, आणि ते गप्प बसणं मला पुढे कित्येक वर्षं लागून राहिलं.

आता तुमच्या प्रश्नाकडे. मास्किंग डोक्यात न बसण्याचं कारण टेबलं नाहीत. शिकवताना सगळे ऑपरेटर एका पंगतीला बसवतात आणि त्यांच्यातला खरा फरक सांगत नाहीत. | म्हणजे ‘हा बिट चालू असू दे’. & आणि ~ मिळून म्हणजे ‘हा बिट बंद असू दे’. आधी काय होतं याच्याशी दोघांनाही कर्तव्य नाही. दहा वेळा तेच सांगितलं तरी निकाल तोच. ^ मात्र म्हणतो ‘आहे त्याच्या उलट कर’. म्हणजे आत्ता काय आहे हे तुम्हाला पक्कं ठाऊक आहे असं तो धरून चालतो.

गावाकडे रात्री पाणी धरताना चुलते लांबून ओरडायचे, ‘तिसरं दारं मोड, चौथं बांध’, म्हणजे तिसऱ्या वाफ्याचं तोंड उघड, चौथ्याचं बंद कर. अंधारात तिसरं दारं उघडं आहे की बांधलेलं, हे त्यांना बांधावरून दिसायचं नाही, म्हणून ते नेमकं काय हवं तेच सांगायचे. ‘तिसरं उलटं कर’ असं कधीच कुणी म्हणालं नाही. पोर्टला हुकूम देताना माझ्या डोक्यात तेच वाफे असतात. मास्क म्हणजे आत्ता कोणत्या दारांशी मतलब आहे, तेवढं सांगणारा आकडा. खांबांवर नंबर रंगवतात तो पत्र्याचा छाप आठवा. भोक असेल तिथेच रंग लागतो, बाकीचा खांब जसाच्या तसा. कागदावर आठ चौकोन काढा, खाली मास्क लिहा, प्रत्येक ओळीनंतर चौकोन भरा. दोन संध्याकाळी पुरतात. आकडे दशमान लिहू नका, १ << २ असं लिहा, म्हणजे १ दोन घरं डावीकडे सरकवलेला; मग कितवा बिट ते डोळ्यांना दिसतं.

सिनियरनी काय लिहायला हवं होतं? आधी विचारायचं, मेन चालू आहे का: (पोर्टबी & १). नसेल तर परत फिरायचं. असेल तर पोर्टबी &= ~२, थांबायचं, पुन्हा मेन तपासायचा, मग पोर्टबी |= ४. आणि दोन्ही एकत्र लागलेत का हे एका तपासणीत कळतं: (पोर्टबी & ६) == ६. तो कंस गाळू नका. सी भाषेत == आधी सुटतं आणि & नंतर. कंस नसेल तर ६ == ६ चं उत्तर १ येतं आणि तुम्ही भलताच बिट, म्हणजे मेन, तपासत बसता. गंमत अशी की पोर्टबी & १ == १ मध्ये हीच चूक बरोबर उत्तर देते, म्हणून ती वर्षानुवर्षं सापडत नाही. हा क्रम जुन्या काळचा वारसा आहे. && (दोन अटी जोडणारं ‘आणि’) जन्मायच्या आधी त्याचंही काम & च करायचा. && आल्यावर आधी लिहिलेला कोड मोडू नये म्हणून & ची जागा हलवली नाही, असं सी भाषेचे जनक डेनिस रिची यांनी स्वतः सांगितलंय.

वेगवेगळ्या व्हेरिएबलचं म्हणाल तर त्या फर्मानानंतर नव्या कोडमध्ये काय आलं असतं? स्टार = !स्टार; डेल्टा = !डेल्टा. त्या दिवशी हे असतं तरी तोच आवाज झाला असता. दोष बिटांचा नव्हता, आत्ताची अवस्था न बघता ती उलटवण्याचा होता. वर तीन व्हेरिएबलं तीन ओळींत शून्य करायची आणि मग पोर्टवर न्यायची. माझ्या एका ओळीत तिन्ही रिले एका दमात सुटायचे.

बाकी कुठे लागतं? युनिक्सवर फाइलला ७५५ परवानगी देता, ०२२ उमास्क (नव्या फाइलला कोणत्या परवानग्या द्यायच्या नाहीत ते सांगणारा आकडा) लावता, ते मास्किंगच. नेटवर्कमधला २५५.२५५.२५५.० हा सबनेट मास्क म्हणजेही तेच. सेन्सरच्या रजिस्टरमधून बारा बिटांचं रीडिंग काढायचं तरी बहुधा हेच लागतं.

आता थोडं उलट बाजूनं. तुम्ही वेबसाइटचे फॉर्म बनवत असाल तर तुमचे सिनियर बरोबर आहेत, चार होय-नाही साठवायला बिट नकोत. जावास्क्रिप्टमध्ये तर बिटवाइज करताना नेहमीचा आकडा आधी ३२ बिटांचा होतो, त्यापुढचे फ्लॅग गुपचूप गळतात.

आणि स्टार-डेल्टाचा इंटरलॉक (दोन्ही एकत्र लागू न देणारी सोय) सॉफ्टवेअरवर सोडायचाच नसतो. एका कॉन्टॅक्टरचा एनसी (एरवी जोडलेला, तो लागला की सुटणारा) कॉन्टॅक्ट दुसऱ्याच्या कॉइलला सिरीजमध्ये असलाच पाहिजे. शेतात जाणाऱ्या प्रत्येक पॅनेलमध्ये आमचे सिनियर तो स्वतः तपासून घ्यायचे. फक्त टेबलवरच्या पॅनेलमध्ये तो नव्हता.

इंटरप्टबद्दलही ते पूर्ण चुकीचे नव्हते, हे मला बऱ्याच उशिरा कळलं. मी वर दिलेला कोडसुद्धा तेवढ्यावर सुरक्षित नाही. मेन तपासला, तो चालू निघाला, आणि |= ४ चालायच्या आत फेज गेली, तर इंटरप्ट तिन्ही सोडेल आणि परत आल्यावर डेल्टा एकटाच लागेल. म्हणून दुसऱ्या तपासणीआधी इंटरप्ट बंद करायचे, तपासायचं, डेल्टा लावायचा, मग इंटरप्ट उघडायचे. मधल्या वेळात फेज गेलीच असेल तर तो इंटरप्ट थांबून असतो, उघडल्याबरोबर येतो आणि तिन्ही खाली पाडतो. पन्नास मिलिसेकंदांचं थांबणं मात्र या बंद भागाच्या बाहेर ठेवा, नाहीतर तेवढा वेळ पॅनेलला फेज गेल्याचं कळणारच नाही.