रिकाम्या घराचा आवाज

प्रिय विद्यार्थिमित्रास,

अनेक आशीर्वाद. तुला श्रुतिका, म्हणजे नभोवाणीसाठीची नाटके, लिहायला शिकायचे आहे आणि त्यासाठी तू इंटरनेट आर्काइव्ह या ऑनलाइन संग्रहावरून जुन्या अमेरिकी विज्ञान-श्रुतिकांचे चाळीस भाग उतरवून घेतलेस, हे वाचून मनापासून आनंद झाला. तरीही माझे ऐकशील तर या आठवड्यात त्यांतले दोनच भाग ऐक आणि तेही एकाच कथेचे.

एनबीसी या अमेरिकी नभोवाणी कंपनीची ‘डायमेन्शन एक्स’ ही मालिका १९५० आणि १९५१ या दोन वर्षांत प्रसारित झाली, तर तिचाच वारसा चालवणारी ‘एक्स मायनस वन’ १९५५ ते १९५८ या काळात. काही कथा दोन्हींत आहेत. त्यांतली अमेरिकी लेखक रे ब्रॅडबरी यांची ‘देअर विल कम सॉफ्ट रेन्स’ तू निवड. अणुयुद्धात माणसे नाहीशी झाली आहेत आणि त्यांचे स्वयंचलित घर मात्र वेळ सांगत, न्याहारी तयार करत, नेमून दिलेली कामे उरकत राहिले आहे. रंगमंचावर हे घर दाखवायचे तर ओस पडलेले नेपथ्य उभारावे लागेल. नभोवाणीवर मात्र घराचा आवाज थेट तुझ्याशी बोलतो आणि त्या घरात आता आपल्याशिवाय ऐकणारे कोणीच नाही, ही जाणीव अंगावर काटा आणते. संहितालेखकाला कळलेली ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

पहिल्यांदा दिवा मालवून ऐक. दुसऱ्यांदा वही घेऊन बस आणि संवाद थांबल्यावर काय ऐकू येते, तेवढेच टिपून ठेव. ध्वनिमुद्रणातली खरखर सुरुवातीला खटकेल, पण कान लवकरच सरावतो. त्यानंतर अमेरिकी लेखक मरे लेन्स्टर यांच्या १९४६ मधील कथेवरची ‘अ लॉजिक नेम्ड जो’ जरूर ऐक. घरोघरी बसवलेली, एकमेकांशी जोडलेली आणि विचारील त्याला हवे ते उत्तर देणारी यंत्रे त्या काळी कोणी कल्पिली होती, याचे तुला नवल वाटेल.

एक सावधगिरी बाळग. संग्रहावर फुकट ऐकायला मिळते म्हणून मूळ कथेचे हक्क मोकळे झाले, असे होत नाही. मराठी रूपांतर करण्यापूर्वी त्याची चौकशी कर.

दोन्ही भाग ऐकून झाले की त्या घराचा नकाशा काढून मला पाठव.

तुझा हितचिंतक