इंटिग्रेटेड ॲम्प्लिफायरनंतर आधी काय घ्यावे, प्रीॲम्प्लिफायर की पॉवर ॲम्प्लिफायर?

आपण लिहिले आहे की आपल्याकडे ४० वॅटचा, मागे प्री-आउट (बाहेरचा पॉवर ॲम्प्लिफायर जोडण्याची जागा) असलेला इंटिग्रेटेड, म्हणजे प्री आणि पॉवर अशी दोन्ही कामे एकाच पेटीत करणारा, ॲम्प्लिफायर आहे, स्पीकर ८६ डेसिबल संवेदनशीलतेचे (एका वॅटला एक मीटरवर तेवढा आवाज देणारे) आहेत, खोली १२ बाय १४ फुटांची आहे आणि ऐकणे बहुतेक सीडीवरचे शास्त्रीय संगीत आहे. हाताशी ६० हजार रुपये आहेत आणि आधी स्वतंत्र प्रीॲम्प्लिफायर (थोडक्यात प्री, साधन निवडणारी आणि आवाज कमीजास्त करणारी पेटी) घ्यावा की पॉवर ॲम्प्लिफायर (स्पीकरला ताकद पुरवणारी पेटी), हे आपल्याला ठरवता येत नाही. प्रीॲम्प्लिफायर मुळीच घेऊ नका, असे माझे स्पष्ट मत आहे. हे मी इतक्या ठामपणे का म्हणतो, त्यासाठी २००९ साली आमच्या घरी काय घडले ते सविस्तर सांगावे लागेल.

आमच्याकडे वडिलांचा, म्हणजे आप्पांचा, नॅड ३०२० होता. १९७८ साली बाजारात आलेला हा ॲम्प्लिफायर कागदावर अवघा २० वॅटचा होता, पण अवघड स्पीकरही तो सहज हाकत असे. काकांनी तो १९८३ मध्ये कुवेतहून आणला होता आणि माझे सारे ऐकणे त्याच्यावरच घडले. माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, आमचे भावोजी, या छंदातले जाणकार समजले जात. एका ॲम्प्लिफायरच्या पेटीत दोन कामे कोंबली की सुरांवर पडदा येतो, प्री वेगळा केल्याशिवाय तानपुरा खरा ऐकूच येत नाही, असे ते दर दिवाळीला सांगत. शेवटी मी त्यांचे ऐकले आणि १ लाख १० हजार रुपये खर्चून एक प्री आणि १०० वॅटचा पॉवर ॲम्प्लिफायर असा जोड घरी आणला. नॅड फडक्यात गुंडाळून माळ्यावर गेला.

पहिल्या संध्याकाळी मलाही फरक जाणवला, हे मान्य करतो. आप्पा मात्र थोडा वेळ ऐकून म्हणाले, "तानपुऱ्याच्या खाली काहीतरी गुणगुणते आहे." ते तेव्हा ७४ वर्षांचे होते. वयामुळे आपल्याला तसे वाटत असेल, असे मी त्यांना सांगितले. ते पुन्हा काही बोलले नाहीत, पण त्यानंतर ऐकायला बसणे त्यांनी हळूहळू कमी केले. ते माझे वाक्य मला आजही टोचते.

दोन-तीन आठवड्यांत ती गुणगुण मलाही ऐकू येऊ लागली. शिवाय व्हॉल्यूमची कळ जेमतेम हलवली की आवाज एकदम चढे, आणि रात्री हळू आवाजात ऐकताना डावा स्पीकर उजव्यापेक्षा स्पष्टपणे दबलेला असे. विक्रेत्याने महागड्या केबल सुचवल्या. मी त्याही घेतल्या, पण काहीही बदलले नाही. अखेर पुण्याच्या बुधवार पेठेत पासोड्या विठोबाजवळ बसणाऱ्या एका कारागिराने दोन्ही पेट्यांची माहितीपत्रके वाचून पाच मिनिटांत दोष सांगितला. बिघाड कशातच नव्हता, गेन, म्हणजे संकेत किती पट वाढवला जातो ते प्रमाण, भलतीच जास्त होती.

हा हिशोब आपणही करून पाहावा. सीडी प्लेअर पूर्ण पातळीला सुमारे २ व्होल्ट देतो. माझा प्री त्याला २० डेसिबलने, म्हणजे दहा पटीने, वाढवू शकत होता आणि पॉवर ॲम्प्लिफायरला तर पूर्ण १०० वॅट देण्यासाठी केवळ १ व्होल्ट पुरत होता. रोजच्या एका वॅटच्या ऐकण्यासाठी मला व्हॉल्यूमच्या कळीने सुमारे ४५ डेसिबल आवाज दाबावा लागत होता. आधी वाढवायचे आणि मग वाढवलेले सगळे दाबायचे, असा हा खटाटोप होता. कळीच्या अगदी खालच्या टप्प्यात तिच्या आतले दोन कार्बन पट्टे एकमेकांशी जुळत नाहीत, म्हणून डावे-उजवे बिघडते. संकेताच्या वाटेत कळीनंतर जी गुणगुण शिरते, ती तर कळीने कमी होतच नाही. त्यात दोन पेट्यांच्या दोन अर्थिंगमधून आणि केबलच्या जाळीतून फिरणारा प्रवाह मिसळला की आप्पांनी ऐकले ते ऐकू येते.

त्या कारागिराने पॉवर ॲम्प्लिफायरच्या प्रवेशापाशी प्रत्येक बाजूला ९.१ किलोओहम आणि १ किलोओहम असे दोन रेझिस्टर सोल्डर करून दिले. त्यामुळे पातळी दहापट कमी झाली, कळ मधल्या टप्प्यात आली आणि गुणगुणही दहापट उतरली. रेझिस्टरची किंमत काही रुपये होती.

पूर्वी वेगळ्या प्रीची गरज खरी होती. तबकडीच्या पिकअपमधून चार-पाच मिलिव्होल्ट येत, ते वाढवून आरआयएए वक्राप्रमाणे (तबकडी कापताना खर्ज दाबून तीव्र सूर चढवण्याचे ठरलेले माप) सरळ करावे लागत, आणि रेडिओ ट्यूनरही थोडेच देत असे. पीटर वॉकर यांच्या क्वाड कंपनीने १९६७ मध्ये ३३ हा प्री आणि ३०३ हा पॉवर ॲम्प्लिफायर काढला, तेव्हा ३०३ ला पूर्ण ताकदीसाठी अर्धा व्होल्ट लागे आणि ३३ त्या मापानेच आखलेला होता. १९८२ मध्ये सीडी आली आणि मूळ साधनच २ व्होल्ट देऊ लागले. दुकानांतला सल्ला मात्र जुनाच राहिला.

भावोजींना हे पटले नाही. गुणगुण गेली हे ठीक, पण प्रीमुळे आलेला खुलेपणा नॅडमध्ये नाहीच, असे ते म्हणाले. मग मी नॅड माळ्यावरून काढला. दोन्हींवर एकच सूर लावून स्पीकरच्या टोकांवरचा व्होल्टेज मल्टिमीटरने एका टक्क्याच्या आत जुळवला, मध्ये पडदा लावला आणि वीस वेळा वाजवून कोणता कोणता ते त्यांना विचारले. त्यांची अकरा उत्तरे बरोबर आली. नाणे उडवूनही तेवढी येतात. आपल्या स्पीकरची कुवतच नाही, असे म्हणून ते उठले. बॉब कार्व्हर या अमेरिकी अभियंत्याने १९८५ मध्ये 'स्टीरिओफाइल' मासिकाचे आव्हान स्वीकारून आपला ट्रान्झिस्टर ॲम्प्लिफायर एका महागड्या व्हॉल्व्ह (काचेच्या निर्वात नळ्यांवर चालणाऱ्या) ॲम्प्लिफायरशी इतका जुळवून दाखवला होता की त्या मासिकाच्या संपादकांनाही दोघांतला फरक सांगता आला नव्हता. तेव्हा माझ्या घरच्या निकालाचे मला आश्चर्य वाटले नाही.

पॉवर ॲम्प्लिफायरबद्दल सांगायचे तर ४० वरून ८० वॅटला गेल्याने आपल्याला ३ डेसिबलच मिळतील, आणि आवाज दुप्पट मोठा भासण्यासाठी साधारण १० डेसिबल, म्हणजे दहापट वॅट, लागतात. आपल्या खोलीत सरासरी ऐकणे एका वॅटच्या आसपास होत असणार, आणि तबल्याच्या थापेला त्याच्या तीसपट लागले तरी ते ४० वॅटमध्ये बसते. म्हणून पैसे स्पीकरवर खर्च करा, आणि खोलीत उघडी फरशी असेल तर आधी जाड सतरंजी आणि पुस्तकांनी भरलेले कपाट येऊ द्या.

काही अपवाद सांगायला हवेत. आपण तबकड्या ऐकत असाल आणि मूव्हिंग कॉइल (अगदी क्षीण संकेत देणारा) पिकअप वापरत असाल, तर त्याच्या अर्ध्या मिलिव्होल्टसाठी चांगला फोनो प्री, म्हणजे तबकडीसाठीचा खास प्री, लागतोच आणि तिथला फरक खरा असतो. स्पीकरचा इंपीडन्स (प्रवाहाला होणारा विरोध) कुठे ३ ओहमच्या खाली उतरत असेल किंवा खोली दिवाणखान्याएवढी मोठी असेल, तर मोठा पॉवर ॲम्प्लिफायर घ्यावा. प्री-आउटला तो जोडण्यापूर्वी त्याची संवेदनशीलता, म्हणजे पूर्ण ताकदीसाठी त्याला किती व्होल्ट लागतात ते, जरूर वाचा, आणि त्याचा प्रवेश-इंपीडन्स प्री-आउटच्या इंपीडन्सच्या किमान दहापट असू द्या. व्हॉल्व्ह ॲम्प्लिफायर स्पीकरच्या इंपीडन्सनुसार आपला स्वर बदलतात, त्यामुळे वर सांगितलेले त्यांना तंतोतंत लागू होत नाही.

भावोजींचे मत आजही तेच आहे. आमच्या बैठकीत आता नॅड वाजतो, आप्पा तो २०१६ पर्यंत ऐकत होते, आणि तो जोड मी विकून टाकला. कोणी आपल्याला प्री विकू पाहत असेल तर तो दोन आठवडे घरी मागून घ्या, पातळी मीटरने जुळवा, घरातल्या सर्वांत वयस्कर श्रोत्याला समोर बसवा आणि काय ऐकू येते ते आधी त्यांना विचारा.