तासाच्या हिशोबात न बसलेल्या गेम

प्रश्न : ताई, 2005-06 मध्ये मी वसमतला शाळेत होतो. नेट कॅफेत आयजीआय, व्हाइस सिटी, रोड रॅश एवढंच खेळलो. आता सेकंडहँड लॅपटॉप घेतलाय. 4 जीबी रॅम, ग्राफिक कार्ड नाही, त्यामुळे नव्या गेम चालत नाहीत. जुन्यांतल्या अशा कोणत्या राहून गेल्या, ज्या खरंच खेळायला हव्यात? आयजीआयसारखी असेल तर ती आधी सांगा.
— एक वाचक, वसमत, जि. हिंगोली

उत्तर : तुमचं ते ‘एवढंच’ वाचून मी थांबले, कारण त्याचं कारण मला माहीत आहे. 2004 पासून सात वर्षं मी आणि माझ्या भावानं अंबाजोगाईत कॉम्प्युटर क्लास चालवला. आतल्या खोलीत एमएस-सीआयटीची बॅच, बाहेरच्या खोलीत नेट कॅफे. आठ मशीन, तासाला पंधरा रुपये. टेबलावर एक दोनशे पानी वही असायची. तिच्यात नाव, आल्याची वेळ, गेल्याची वेळ मी लिहायचे. पोरं बहुतेक अर्ध्या तासाचेच पैसे घेऊन यायची. त्या अर्ध्या तासात जी गेम रंगात येत नाही, ती कुणी दुसऱ्यांदा उघडत नसे. मग आम्हीही ती मशीनवरून काढून टाकायचो, कारण हार्ड डिस्क होती 40 जीबीची. तेव्हा राहून गेलेल्या गेम वाईट होत्या म्हणून राहिल्या नाहीत. त्या तासाच्या हिशोबात बसत नव्हत्या. माझ्या मते आपल्या भागात दुर्लक्षित गेमची यादी करायची तर इथूनच सुरुवात करावी लागते.

त्यात भारनियमन. आयजीआयमध्ये मिशनच्या मध्ये सेव्ह करता येत नाही, हे तुम्हाला आठवत असेल. नॉर्वेच्या इनरलूप स्टुडिओजची ही 2000 सालची गेम, चौदा मिशनची. एकदा सातवीतल्या एका पोरानं एक मिशन अगदी शेवटाला आणलं होतं, आणि लाईट गेली. आमचा यूपीएस फक्त दोन मशीनना होता, त्याचं मशीन तिसरं. तो काळ्या स्क्रीनकडे बघत माऊसवर हात ठेवून तसाच बसला. थोड्या वेळानं म्हणाला, “मॅडम, लाईट कवा येईल?” मी वहीत त्याच्या नावापुढची वेळ खोडली. त्यापेक्षा जास्त काही करता येण्यासारखं नव्हतं.

आता तुमची पहिली गेम. ‘थीफ : द डार्क प्रोजेक्ट’, 1998, लुकिंग ग्लास स्टुडिओज. आयजीआयमध्ये तळावर लपतछपत शिरताना छातीत जी धडधड व्हायची, तेवढीच तुम्हाला हवी असेल तर ती इथे शुद्ध स्वरूपात आहे. तुम्ही गॅरेट नावाचे चोर. स्क्रीनच्या खालच्या बाजूला एक खडा आहे. तुम्ही उजेडात आलात की तो उजळतो, अंधारात शिरलात की विझतो. फरशीवर, लोखंडी जाळीवर पाऊल वाजतं, गालिच्यावर वाजत नाही. भिंतीवरची मशाल पाण्याच्या बाणानं विझवायची, फरशी आडवी आली तर शेवाळाचा बाण मारून त्यावरून चालायचं. पहारेकरी एकमेकांशी बोलतात ते पडद्याआड उभं राहून ऐकायचं. सगळ्यात अवघड पातळी निवडली तर एकाही माणसाला मारायची परवानगी नाही, आणि मी म्हणेन तीच निवडा. हेडफोन लावून, रात्री, घरातले झोपल्यावर खेळा. नेट कॅफेत आठ मशीनच्या गलक्यात ही गेम कुणाला ऐकूच आली नसती, म्हणजे खेळता आली नसती. ती बनवणारी कंपनी 2000 साली बंद पडली, याचं मला आजही वाईट वाटतं.

दुसरी गेम मला मनापासून सांगायची आहे. ‘फॅरो’, इम्प्रेशन्स गेम्सची, 1999 सालची. आमच्या ड्रॉवरमध्ये तिची सीडी पडून होती. कॅफे बंद झाल्यावर रात्री मी लावायचे.

प्राचीन इजिप्तमध्ये नाईलच्या काठी गाव वसवायचं. घरं, विहिरी, बाजार, कुंभार, विटा, पुढे पिरॅमिडसुद्धा. पण सगळं उभं आहे ते पुरावर. दरवर्षी नदीला पूर येतो, शेतं पाण्याखाली जातात, पाणी ओसरलं की गाळ राहतो आणि त्यात पेरणी होते. पूर चांगला तर धान्य भरपूर. पूर कमी तर कोठार रिकामं, बाजारात वाटायला काही नाही, घरांचा दर्जा एकेक पायरी खाली घसरतो आणि लोक गाव सोडून चालू लागतात. पूर येण्याआधी पुजारी अंदाज सांगतात. ओसायरिस देवाची देवळं कमी पडली, तो रुसला, तर पूर आटतो.

माझे वडील शेतकरी. दवाखान्याच्या कामाला गावाकडून आले होते आणि रात्री माझ्या खुर्चीमागं उभे राहून बघत होते. माऊसला त्यांनी कधी हात लावला नव्हता. मी शेतं दाखवली तर म्हणाले, “म्हंजे गाळपेरच की ही.” धरणाचं पाणी मागं हटलं की उघड्या पडलेल्या जमिनीत आपल्याकडे पेरतात, तीच गाळपेर. त्या एका शब्दात त्यांना अख्खी गेम कळली. त्यानंतर ते आठवडाभर राहिले आणि रोज रात्री विचारायचे, “औंदा पूर किती म्हणायलेत गं?” मी पिरॅमिडसाठी माणसं लावत होते. ते म्हणाले, “पहिलं पेव भर. समदं वाटून टाकू नको.” मी काम थांबवलं, आणखी एक कोठार बांधलं. गेममधल्या दोन वर्षांनी पूर आला अगदी थोडा. शेजारची घरं टिकली, कुणी गाव सोडलं नाही. वडील काही बोलले नाहीत, फक्त त्या कोठारावर बोट ठेवून धान्य किती उरलंय ते मला वाचून दाखवायला लावलं.

2016 च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. धनेगावचं धरण कोरडं पडलं होतं. त्या दिवसांत मी ही गेम पुन्हा लावली आणि पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं की तिच्यात पाणी पुरवणारा माणूस ज्या रस्त्यानं चालतो, त्याच रस्त्यावरची घरं वर चढतात. मागच्या गल्लीत तो गेला नाही तर ती गल्ली तशीच राहते. मग मी रस्ते पाडायला शिकले. चौकात अडसर लावला की फिरणारी माणसं परत वळतात, ठरलेल्या घरांपाशी पुन्हा पुन्हा येतात. आयजीआय मी आजही आवडीनं खेळते, पण इतका विचार करायला मला दुसऱ्या कुठल्याच गेमनं लावलं नाही.

तुमच्या लॅपटॉपवर मूळ गेम आरामात चालेल. 2023 मध्ये तिची नवी आवृत्तीही आली आहे, पण तुम्ही जुनीपासून सुरुवात करा. पहिले दोन तास काही घडत नाही असं वाटेल. उठू नका. आता वही लिहायला कुणी बसलेलं नाही.

प्रश्न : माझा मुलगा बारा वर्षांचा आहे. मोबाइलवर सतत गोळीबार. ओरडून पाहिलं, काढून घेऊन पाहिलं. त्याच्याबरोबर बसून मला खेळता येईल अशी एखादी जुनी गेम आहे का? घरी एक कॉम्प्युटर आणि भावाचा एक लॅपटॉप आहे.
— एक वडील, परळी वैजनाथ

उत्तर : परळीत राहता, मग ‘ओपनटीटीडी’ तुम्हाला समजावून सांगावी लागणार नाही. ख्रिस सॉयरनं 1994 मध्ये ‘ट्रान्सपोर्ट टायकून’ ही वाहतुकीची कंपनी चालवायची गेम काढली, पुढच्या वर्षी तिची सुधारलेली आवृत्ती आली. त्याच गेमवरून 2004 पासून जगभरातल्या हौशी लोकांनी ‘ओपनटीटीडी’ बांधली आणि ती पूर्ण मोफत आहे. पहिलं काम बहुतेक जण एकच करतात : कोळशाच्या खाणीपासून वीजकेंद्रापर्यंत रूळ टाकायचे आणि कोळशाची गाडी सोडायची. तुमच्या मुलानं कोळशाच्या वाघिणी लहानपणापासून पाहिल्या असतील. गावांची आणि स्टेशनांची नावं बदलता येतात, तर पहिल्या वीजकेंद्राजवळच्या स्टेशनला त्याला परळी नाव देऊ द्या.

गाडी उशिरा आली की स्टेशनचं रेटिंग घसरतं आणि खाण तुम्हाला कोळसा कमी देते. म्हणून दुसरी गाडी आणाल. आता एकाच रुळावर दोन गाड्या समोरासमोर येऊन उभ्या राहतील, आणि दोन्ही हलणार नाहीत. इथं गेम खरी सुरू होते. सिग्नल कुठं लावायचा, लूप, म्हणजे गाडी थांबवायला बाजूचा रूळ, कुठं काढायची, हे तो स्वतः शोधेल. तुम्हाला आधी सुचलं तरी सांगू नका आणि त्याच्या हातातला माऊस घेऊ नका, ही माझी कळकळीची विनंती. मी माझ्या भाच्याच्या वेळी ती चूक केली आणि तो आठ दिवस त्या गेमकडे फिरकला नाही. दोन्ही मशीन वायफायला जोडून एकाच नकाशावर दोघांच्या दोन कंपन्याही चालवता येतात. अहमदनगर–बीड–परळी रेल्वेची ज्या घरांनी पिढ्यान् पिढ्या वाट पाहिली, त्या घरातल्या पोराला रूळ टाकायला द्या. गोळीबाराविषयी काहीच बोलू नका.

प्रश्न : मी नांदेडला होस्टेलवर राहते. माझ्याकडे फक्त मोबाइल आहे आणि इंग्रजी फार येत नाही. तुम्ही सांगता त्या गेममध्ये खूप वाचावं लागतं. माझ्यासाठी काही?
— एक विद्यार्थिनी, नांदेड

उत्तर : आहे, आणि तिच्यात संवादाचा एकही शब्द नाही. ‘मशिनॅरियम’, 2009, चेक देशातल्या अमानिता डिझाइनची. रोबो हा शब्द जगाला चेक भाषेनंच दिला, आणि या गेमचा नायकही योसेफ नावाचा एक छोटा रोबो आहे. सुरुवातीला तो शहराबाहेरच्या भंगाराच्या ढिगाऱ्यावर सुट्या भागांत पडलेला असतो. त्याचे भाग शोधून तुलाच त्याला उभा करायचा. पुढे शहरात शिरायचं, तिथली कोडी सोडवायची. कुणी काही सांगायचं असलं की त्याच्या डोक्यावर फुगा येतो आणि फुग्यात चित्र हलतं. योसेफ मान ताणून उंच होतो, दबून बुटका होतो, आणि त्याचा हात जिथं पोचतो तेवढ्याच वस्तूंना हात लावता येतो. सगळं हातानं काढलेलं आहे. गंजलेल्या पत्र्याचा रंग बघायला मी काही ठिकाणी नुसती थांबून राहिले. रस्त्यावर वाजवणारे रोबो आहेत, त्यांची वाद्यं बिघडली आहेत, ती दुरुस्त करून दे आणि मग लगेच पुढं जाऊ नकोस, ऐक.

अडलीस तर गेममध्येच उत्तरांचं पुस्तक आहे, पण त्याला कुलूप आहे आणि ते उघडायला एक छोटा खेळ पार करावा लागतो. माझा सल्ला, ते उघडण्याआधी एक रात्र जाऊ दे. मैत्रिणीला दाखव. ही दोन डोक्यांनी खेळायची गेम आहे.

प्रश्न : जुन्या गेम आणायच्या कुठून? आमच्याकडे अजून कुणाकुणाकडे कॉपी केलेल्या सीडी आहेत.
— एक वाचक, औसा

उत्तर : त्या सीडी राहू द्या. निम्म्या वाचल्या जाणार नाहीत आणि उरलेल्यांतून व्हायरस येईल. जीओजी नावाची वेबसाइट 2008 पासून जुन्या गेम नव्या विंडोजवर चालतील अशा करून विकते, आणि सेलमध्ये भाव बरेच उतरतात. थीफ आणि फॅरो दोन्ही तिथं आहेत. एकदम फुकट आणि कायदेशीर हवी असेल तर ‘बिनीथ अ स्टील स्काय’ घ्या. 1994 ची आहे, बनवणाऱ्यांनी 2003 मध्ये स्वतःच मोफत करून टाकली. स्कमव्हीएम नावाच्या मोफत प्रोग्रॅमवर ती कुठल्याही मशीनवर चालते.

प्रश्न : मी निवृत्त शिक्षक, वय 68. नातवानं हा अंक दिला. माझी बोटं आता पटापट चालत नाहीत. माझ्यासारख्यानं या वयात काही सुरू करावं का?
— एक वाचक, सेलू, जि. परभणी

उत्तर : सर, जरूर करा. तुमच्यासाठी ‘सायबेरिया’, 2002 सालची, बेल्जियमचे चित्रकथाकार बेन्वा सोकाल यांची. यात कुठंही घाई नाही, फक्त बघायचं आणि क्लिक करायचं. केट वॉकर नावाची न्यूयॉर्कची तरुण वकील आल्प्समधल्या एका गावात येते. चावीवर चालणाऱ्या यंत्रमानवांचा तिथं एक जुना कारखाना आहे, त्याच्या विक्रीच्या कागदावर सही घ्यायला. ती पोचते तेव्हा पावसात अंत्ययात्रा चाललेली असते आणि तिच्यात चालणारे यंत्रमानव असतात. कारखान्याची मालकीणच वारलेली आहे. मग कळतं की मेला असं समजलेला तिचा भाऊ जिवंत आहे आणि तो दूर पूर्वेला कुठंतरी आहे. त्याच्या शोधात केट निघते ती चावीच्या आगगाडीनं. इंजिन चालवणारा ऑस्कर हाही यंत्रमानवच, आणि नियमांचा इतका पक्का की तिकिटाशिवाय गाडी हलवत नाही.

इंग्रजी सबटायटल लावा, वाक्य पूर्ण वाचून झालं की मगच पुढं जा. गाडीची चावी संपते, तेव्हा स्टेशनवर उतरून ती पुन्हा भरायची सोय शोधावी लागते. पहिल्या वेळी मला ती सापडायला दोन संध्याकाळी लागल्या. नातवाला शेजारी बसवा, पण चावी तुम्हीच भरा.