मक्याचा मधला कोंब वाळतोय, फवारूनही फरक नाही. काय करू?

वीस दिवसांचा मका, पानांवर ओळीनं भोकं, काही रोपांचा पोंगा (मधली गुंडाळलेली कोवळी पानं) वाळलेला आणि एक फवारणी वाया, असं तुम्ही लिहिलंय. वाळलेला पोंगा ओढून बघा. अलगद हातात आला तर ती पोंगेमर. ते रोप गेलं, त्यावर औषध घालवू नका. उपटा आणि बुडखा उभा चिरा. तपकिरी डोक्याची, अंगावर ठिपक्यांच्या ओळी असलेली अळी निघाली तर खोडकिडा. अंग गुलाबीसर असेल तर गुलाबी खोडकिडा. बिनपायाची बारीक अळी निघाली तर ते खोडमाशीचं काम, त्याचा इलाज वेगळा. पोंग्यात भुशासारखी विष्ठा साचली असेल तर लष्करी अळीचाही संशय घ्या.

आता फवारणी का वाया गेली ते. अळी गुंडाळलेल्या पानाला आरपार कुरतडते, पान उलगडलं की त्या एका भोकाची माळ होते. म्हणजे माळ दिसेपर्यंत अळी बरीच पुढे गेलेली असते. पानावर खोडकिड्याची, माशाच्या खवल्यांसारखी एकावर एक चढलेली अंडी असतात. ती फुटल्यावर पिल्लं काही दिवस पोंग्यात खातात, मग खोडात शिरतात. औषध लागू पडतं ते त्याच दिवसांत, आणि तेही पोंग्यात उतरलं तरच. मी पहिल्या वर्षी झपाझप चालत फवारलं होतं. पानं चकाचक ओली, पोंगे कोरडे!

शंभर रोपं मोजा. दहाच्या आसपास पोंगेमर असेल तर फवारा, नाहीतर किडकी रोपं उपटून नष्ट केलीत तरी चालेल. क्लोरँट्रानिलिप्रोल १८.५ टक्के हे कीटकनाशक तुमच्याकडे मक्यासाठी मंजूर असेल तर लिटरला ०.४ मिली, पण आधी लेबल वाचा. नोझल सरळ पोंग्यावर धरा, संध्याकाळी, सावकाश. हिरवा चारा जनावरांना घालणार असाल तर लेबलवरचे थांबायचे दिवस काटेकोर पाळा.

पुढच्या पेऱ्याला उगवणीनंतर दहा-बारा दिवसांनी ट्रायकोग्रामा या मित्रकीटकाची कार्डं लावा, आठवड्याच्या अंतरानं तीनदा. ही इवली गांधीलमाशी खोडकिड्याच्या अंड्यातच आपलं अंडं घालते. त्या काळात कीटकनाशक मारलंत तर तीच मरेल.

आणि कापणीनंतर धसकटं रानात तशीच ठेवू नका, अळ्या त्यातच दडून पुढच्या हंगामाची वाट बघतात. वेचून काढा किंवा खोल नांगरा, ताटं कुट्टी करून चाऱ्याला वापरा.