जुन्या पद्मिनीसाठी गॅरेज निवडताना
आपण नुकतीच प्रीमियर पद्मिनी घेतली आहे, तेव्हा नाशिकच्या सातपूर-अंबड या औद्योगिक पट्ट्यात गॅरेज शोधताना बाहेरची पाटी पाहण्याऐवजी मिस्त्री कार्ब्युरेटरचे जेट (इंजिनाला पेट्रोल मोजून सोडणारे बारीक भोक) तारेने कोरतो की हवेच्या झोताने साफ करतो, हे शेजारी उभे राहून पाहावे. तारेने भोक मोठे झाले की गाडी पेट्रोल पिऊ लागते आणि मग कितीही ट्युनिंग केले तरी व्यर्थ. डिस्ट्रिब्युटरच्या (प्लगांना ठिणगीची वीज वाटणाऱ्या भागाच्या) पॉइंटमधील फट जो अंदाजाने न धरता फीलर गेजने (ठरावीक जाडीच्या पातळ पट्ट्यांनी) मोजतो, त्याच्यावर माझा निम्मा विश्वास तिथेच बसतो. माझे इंजिन एका ठिकाणी (नाव घेत नाही) चार महिने उघडे पडले होते आणि काढलेले भाग मागितल्यावर ‘भंगारात गेले’ एवढेच उत्तर मिळाले. म्हणून पहिल्यांदा लहानसेच काम द्यावे, खर्चाचा अंदाज लेखी घ्यावा आणि जुने भाग परत मागावेत. पत्र्याच्या कामात गंज कापून नवा पत्रा जोडण्याऐवजी पुट्टी थापणारे बरेच भेटतात. लोहचुंबक चिकटला नाही की ती लबाडी लगेच उघडी पडते. गाडीच्या सांगाड्यावर कोरलेल्या चेसिस क्रमांकावर मात्र ग्राइंडर फिरू देऊ नये, कारण आरसी पुस्तकाशी तोच जुळवला जातो.